कुंकवाखालची बाजू

शालन घुले यांचा डावा पाय डॉक्टरांना गुडघ्याखाली कापावा लागला.

हे वाक्य चुकून वर आलं. तुम्ही ते वाचलेलं नाही असंच धरून चालू. तसं काही घडलेलं नाही. शालनबाईंचे दोन्ही पाय जागच्या जागी आहेत, त्या हडपसरच्या शालन लॉन्सवर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. डाव्या तळव्याला एवढीशी जखम आहे, जखमेवर पट्टी आहे, पट्टीखाली चप्पल आहे. सगळं उत्तम चाललंय.

लॉन त्यांच्याच नावाचं. पूर्वी तिथं घुल्यांचा ऊस उभा असायचा. शहर अंगावर चालून आलं तेव्हा संभाजी घुल्यांनी ऊस काढून हिरवळ लावली आणि कमानीवर बायकोचं नाव घातलं. "देवादिकांची नावं संपली व्हय रं?" असं भावकीनं विचारलं, तर म्हणाले, "देवानं कधी उसाला पाणी धरलं न्हाई. हिनं धरलं."

असा हा शहाणा माणूस. पुढं काय झालं ते बघा.

शनिवारी लॉन लग्नाला मिळत नसे. शनिवार नीलाक्षगुरुजींचा. मांडव लग्नाचाच, खुर्च्यांना गुलाबी बो तेच, आणि स्टेजच्या मागची थर्माकोलची 'शुभविवाह' अक्षरंही तीच, कारण ती दर आठवड्याला काढणार कोण? त्या अक्षरांखाली मखमली सिंहासनात गुरुजी एकटेच बसत. लांबून वाटे, नवरी पळून गेली आणि नवरदेवाला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गर्दी मात्र वऱ्हाडाच्या तिप्पट. टॉवरमधले संगणकवाले, मांजरी-फुरसुंगीच्या मावश्या, कोथरूडहून दोन बस बदलून आलेले निवृत्त साहेब. पार्किंगला जागा मिळाली तर लोक तोही चमत्कारात धरत.

चमत्कार असा. गुरुजींकडं एक खडा होता, ल्युडोच्या फाशाएवढा, तसाच चौकोनी. तो ते दोन बोटांत धरून समोरच्या माणसाच्या कपाळासमोर नेत. माणसावर शनीची कृपा असली तर खडा गर्द निळा. नसली तर निळाई विरून जाई आणि खडा होई नळाच्या पाण्यासारखा. तेही सगळ्यांच्या देखत, भल्यामोठ्या पडद्यावर.

आता नीलमाचं आपल्याकडं काय आहे, तो लाभतो तरी किंवा लागतो तरी. प्रत्येक घरात एक मामा असतो, ज्यानं नीलम घातला आणि धंदा बुडाला; एक मावसभाऊ असतो, ज्यानं घातला आणि फ्लॅट झाला. म्हणून नीलम आधी उशाखाली ठेवून झोपायचं आणि स्वप्नं तपासायची. गुरुजींनी ही झोपच वाचवली होती.

"माउली, उशा सोडा," ते माइकमध्ये म्हणत. "झोपेत फालतू स्वप्नं पडतात, मग तुम्ही शनीला दोष देता. हा खडा नाही. हा शनी महाराजांचा एक्स-रे आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ आले होते मागायला. म्हटलं, आधी तुमची साडेसाती संपू द्या, मग बघू."

टाळ्या.

"या, जावई, या. संगणकात ना आपण?" एक दाढीवाला तरुण पुढं झाला. खडा कपाळासमोर गेला आणि फिक्का पडला. मांडवातून 'च् च्' असा आवाज फिरला. "नोकरी पाण्यात आहे, माउली. दिसतंय ना पाणी? शांत करून घ्या, आपली माणसं आहेत मागच्या टेबलावर." तरुण मागच्या टेबलावर जाऊन आला, खडा पुन्हा कपाळासमोर गेला आणि गर्द निळा झाला. बायकांनी हात जोडले. तरुण रडला. आचारीसुद्धा झारा घेऊन बघत उभा राहिला.

हे सगळं संभाजी-शालन यांची मुलगी अपेक्षा पाणीपुरीच्या रिकाम्या काउंटरला टेकून पाहत होती. ती कोथरूडला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. सकाळी निघायची ती रात्री यायची, त्यामुळे जगातल्या सगळ्या मुलांना प्रकाश कसा वाकतो हे तिनं शिकवलं होतं आणि घरात काय वाकलंय ते तिला माहीत नव्हतं.

ते दसऱ्याच्या आधी कळलं.

घरचे देव घासायला काढले होते. देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी चांदीच्या चौकटीत एक खडा होता. गुरुजींनी शालनबाईंना खास दिलेला, त्यांच्या खड्याचा धाकटा भाऊ. त्याची पूजा कडक. वरच्या बाजूला रोज कुंकवाचा ठसठशीत टिळा, खाली चांदीचं बूड, आणि ताकीद अशी की कुंकवाची बाजू कायम वर ठेवायची, खडा जागचा हलवायचा नाही. खडा हलला की शनी हलतो.

अपेक्षानं तो हलवला. चौकटीतून काढला, कुंकू धुतलं आणि सहज वरून पाहिलं.

खडा नाहीसा झाला होता. म्हणजे होता, पण पाण्यासारखा. त्याच्यातून खालच्या ताम्हनाची नक्षी स्वच्छ दिसत होती.

फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या अपेक्षाच्या मनात पहिला विचार आला, 'आईचं काही बरंवाईट तर...' हे ती आयुष्यात कोणाला सांगणार नव्हती, म्हणून इथं सांगून ठेवलं. दुसरा विचार आला तेव्हा तिनं खडा आडवा केला. निळा. उभा केला. पाणी. तिसऱ्या अंगानं धरला, तर फिकट पिवळसर, उसाच्या रसात बर्फ वितळल्यासारखा. पुन्हा आडवा. निळा.

ह्या खड्याच्या भरवशावर आईनं मधुमेहाची सुई तर सोडली नसेल, या शंकेनं ती धावत स्वयंपाकघरात गेली. शालनबाई स्टुलावर पाय ठेवून शेंगा निवडत होत्या. पाय सुजला होता, बोटातलं जोडवं मांसात रुतलं होतं.

"आई, तू इन्सुलिन घेतेस ना?"

"घेते की."

अपेक्षानं फ्रिज उघडला. कोथिंबिरीच्या पिशवीमागं इन्सुलिनची पेनं रांगेत पडली होती. एकाचंही सील फोडलेलं नव्हतं.

"आई!"

"आगं निळा हाय ना खडा. तुझे आण्णा रोज सकाळी बघत्यात. गुरुजी म्हनले, निळा हाय तवर सुई न्हाई. पांढरा पडला की घ्यायची. पडतच न्हाई त्याला म्या काय करू?"

"पाय बघितलास का तुझा?"

"दुखत न्हाई आता. आधी किती ठणकायचा! खडा आला आन् गप झाला."

"दुखत नाही म्हणजे बरा होतोय असं नाही गं. साखरेनं नसा बधिर झाल्यात. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, ॲडमिट व्हा, नाहीतर पाय जाईल?"

"डाक्टराला पाय घालवायचीच घाई. ह्यांना एक सुई टोचायचं तेवढं ठावं."

अपेक्षानं खडा वडिलांच्या डोळ्यांपुढं धरला. "आण्णा, बघा. निळा. आता बघा. पांढरा."

संभाजी घुल्यांचा चेहरा पडला. "आगं काय केलंस हे? कुंकू पुसलंस त्याचं!"

"कुंकवाचा काय संबंध?"

"पुसलंस म्हनून तर पांढरा पडला!" त्यांनी खडा घाईघाईनं चौकटीत बसवला, वर कुंकू लावलं, देव्हाऱ्यात ठेवून समोरून पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "हं. झाला निळा. बघ तूच."

अपेक्षानं पाहिलं. निळाच होता. देवाला कोणी आडवंतिडवं धरून बघत नाही, एवढ्याच एका संस्कारावर तो खडा निळा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं तो उचलला, देव्हाऱ्यात त्या जागी निळी काचेची गोटी ठेवली (ती कोणाच्या लक्षातही आली नाही, उलट 'आज जास्त निळा हाय' असं संभाजी म्हणाले) आणि नारायण पेठेत सलिलकडं गेली. सलिल तिचा कॉलेजमधला मित्र. रत्नं तपासून द्यायचा त्याचा व्यवसाय होता आणि समोरच्याचा उत्साह घालवायचा छंद.

"नीलम म्हणून दिलाय," अपेक्षा म्हणाली.

सलिलनं खडा उजेडात दोनदा फिरवला. "हा नीलम असेल तर शनिवारवाडा माझ्या आजोबांचा. चहा घेणार? नसशील घेणार तर मी करत नाही."

"नीट सांग."

त्यानं खडा आधी हवेत तोलला, मग दोरीला टांगून पाण्यात बुडवून तोलला. "हे बघ. नीलम जड दगड. पाण्यात बुडवला तर वजन चौथाईनं कमी दाखवतो. ह्याचं चाळीस टक्क्यांच्या जवळपास गेलं. म्हणजे हा स्फटिकाच्या वजनाचा हलका माणूस. हा आयोलाइट. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं सिलिकेट. नीलमात सिलिका नसतेच. बाजारात ह्याला काकानीली म्हणतात, नीलमाचा गरीब बदली खेळाडू."

"काका कशाला?"

"कोण जाणे. पण पुण्यात काकांवर विश्वास ठेवू नये, हे इतिहासानं एकदा सिद्ध केलेलं आहे."

"आणि रंग?"

"तो ह्याचा जन्मस्वभाव. ह्याच्या आत अणूंची मांडणी तिन्ही दिशांना वेगवेगळी आहे. एका दिशेनं जाणाऱ्या उजेडातला निळा सोडून बाकीचा तो गिळतो, दुसऱ्या दिशेनं फारसं काहीच गिळत नाही. म्हणून एका अंगानं जांभळट निळा, दुसऱ्या अंगानं पाणी, तिसऱ्यानं पिवळट. नीलमही थोडा बदलतो, निळ्याचा हिरवट निळा होतो, पण असा पाणी पाणी होत नाही. हा खोटा नाही हं, अपेक्षा. खडा एकदम प्रामाणिक आहे. ह्याला चौकोनी कापणारा मात्र हुशार. गोल पैलू पाडले असते तर खेळ एवढा रंगला नसता."

"लेखी देतोस?"

"देतो. पण लेखी वाचतंय कोण? फिरवून दाखव."

शनिवारी निघताना शालनबाईंनी पायाला अत्तर लावलं. पट्टीतून वास यायला लागला होता. अपेक्षानं आईची वाट अडवली.

"आई, एक सौदा कर. मी गुरुजींना सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारते. त्यांनी धड उत्तर दिलं तर मी सुईचं नाव काढणार नाही. नाही दिलं तर तिथूनच दवाखाना. घरी यायचं नाही, कपडे घ्यायचे नाहीत."

शालनबाईंनी अत्तराची कुपी बंद केली. "आन् नंतर माझ्या डोक्याशी भुणभुण न्हाई?"

"नाही."

"चल मंग."

लॉन घरचं, त्यामुळं माइकही घरचा. अपेक्षा आईला घेऊन स्टेजवर गेली. गुरुजींनी खडा शालनबाईंच्या पायासमोर धरला. पडद्यावर निळाई भरून आली.

"विचार बेटा," गुरुजी म्हणाले. त्यांचं मूळ नाव गोपाळकृष्ण. पूर्वी ते घरोघरी जाऊन पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत, आणि पाण्यासारखं दिसणारं काहीही विकायचा हात तेव्हाच बसला होता.

"गुरुजी, खडा अस्साच धरा. बोटं हलवू नका. आई उठेल, तिथं दुसरं कोणीतरी बसेल." तिनं खुर्चीवर पूजेचा नारळ ठेवला.

खडा निळा.

"नारळाला साडेसाती नाही," अपेक्षानं माइकमध्ये सांगितलं. मांडव हसला. मग तिच्या खुणेसरशी आचाऱ्यानं गॅसची रिकामी टाकी आणून खुर्चीवर ठेवली. निळा. मग एक पायताण. निळा. पायताणावर शनीची विशेष कृपा दिसत होती.

"निर्जीव वस्तूंना मोह नसतो, माउली," गुरुजी म्हणाले. "शनी महाराज त्यांच्यावर प्रसन्नच असतात!"

टाळ्या पडल्या. पण गुरुजींच्या कपाळावर घाम आला होता, आणि कॅमेरा दुर्दैवानं चांगला होता.

"बरं. आता आई बसेल आणि हलणार नाही. फक्त खडा हलेल. हा आईचाच खडा, तुम्हीच दिलेला." अपेक्षानं तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि हळूहळू फिरवला. पडद्यावर निळा. मग पाणी. मग पिवळसर. मग पुन्हा निळा.

"माझा प्रश्न एवढाच आहे. आई तीच आहे. पाय तोच आहे. शनी आकाशात होता तिथंच आहे. मग आत्ता काय फिरलं?"

मांडवानं पडद्यावरून खड्याकडं मान वळवली.

"खडा फिरला," अपेक्षा म्हणाली. "एवढंच. ह्याचं नाव आयोलाइट. हा तमिळनाडूत, ओडिशात मिळतो आणि कोणाच्याही हातात असाच रंग बदलतो. गुरुजी बोलता बोलता बोटांनी फासा पालटतात. तुम्ही कपाळाकडं बघता, ते बोटांकडं बघतात. कृपा करून हातात घ्या, फिरवा, स्वतः बघा. कोणी सांगतो म्हणून मानू नका, मी सांगते म्हणूनही नाही."

तिनं खडा पहिल्या रांगेतल्या एका मावशीच्या हातात दिला. मावशीनं घाबरत घाबरत फिरवला. निळा. पाणी. मावशीचे डोळे विस्फारले. अपेक्षाला वाटलं, जिंकलो.

"अगं बाई!" मावशी ओरडली. "माझ्या हातात पण जागृत झाला!"

मग यंत्रं विकलेला तो माणूस सिंहासनावरून ताडकन उठला. "माउली! कृपा संक्रमित झाली! ह्या कन्येच्या निमित्तानं शनी महाराजांनी आज मांडवाला सिद्धी दिली!"

फुलं उधळली गेली. खडा हातोहात फिरला, आणि ज्याच्या हातात गेला तो सिद्ध झाला. मघाचा संगणकवाला पुन्हा रडला. निवृत्त साहेबांनी शेजारच्यांची साडेसाती तपासून दिली. मागच्या टेबलावरची पेटी उघडली आणि खडे संपेपर्यंत बंद झाली नाही. अपेक्षासमोर रांग लागली. "ताई, फक्त पोराचं बघा हो, दहावीला आहे." "अहो, मी आत्ताच सांगितलं ना—" "हो हो, छान बोललात. पण बघा ना एकदा."

खडा फिरत फिरत शालनबाईंच्या ओंजळीत येऊन थांबला. त्यांना कोणी विचारत नव्हतं. त्यांनी तो मांडीवर ठेवला, बोटानं पालटला, बघितला. पुन्हा पालटला. गोंगाटात बराच वेळ त्या तेवढंच करत होत्या.

"आपे," त्यांनी हाक मारली. अपेक्षा रांग तोडून धावली. "मंजी मी न्हाईच ह्याच्यात?"

"नाही आई. तू कधीच नव्हतीस ह्याच्यात."

"मला वाटायचं, रोज सकाळी कोनतरी माझ्याकडं बघतंय." त्यांनी खडा खुर्चीवर ठेवला आणि उठल्या. "सौदा म्हंजी सौदा. चल दवाखान्यात. कपडे राहू दे."

संभाजी घुल्यांनी गाडी काढली. अत्तराचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" ह्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं.

सुरुवातीचं ते वाक्य, जे तुम्ही वाचलं नव्हतं, ते आता वाचायला हरकत नाही.

पुढचं थोडक्यात. जादूटोणाविरोधी कायद्याखाली अपेक्षानं तक्रार दिली. तपास चालू आहे, म्हणजे बसला आहे. गुरुजी आता कोथरूडला असतात. तिथं खडा बॅटरीवर फिरणाऱ्या तबकडीवर ठेवलाय. 'स्वयंभू' म्हणतात त्याला. शालन लॉन्सवर शनिवारी पुन्हा लग्नं लागतात. संभाजी रोज सकाळी बायकोला स्वतः सुई देतात, आणि मंडईत प्रत्येक टोमॅटो चहूबाजूंनी फिरवून बघतात. भाजीवाला म्हणतो, "घुलेअण्णा, टोमॅटोला पण साडेसाती?" ते पुढचा उचलतात. फिरवतात.

एका दुपारी शालनबाई पलंगावर बसून मुलीला म्हणाल्या, "आपे, लिही गं. सरकारी भाषेत लिही, नाहीतर वरती दखल घेत न्हाईत." अपेक्षानं लॅपटॉप उघडला. आई थट्टा करतेय असं आधी तिला वाटलं, पण आईनं खरंच मजकूर सांगायला घेतला.

*प्रति,*
*मा. शनी ग्रह,*
*सूर्यापासून सहावे घर, कड्यांच्या आत.*

*विषय : डावा पाय परत मिळणेबाबत.*

*महोदय,*

*मी, सौ. शालन संभाजी घुले, राहणार हडपसर, पुणे, अर्ज करते की, आपल्या नावाने चालणाऱ्या खड्याच्या भरवशावर मी सुई बंद केली व त्यात माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. सदर पायाची मागणी आपल्या कार्यालयाकडून कधीही आली नव्हती. चौकशीअंती असे समजते की, आपण मला ओळखतही नाही. त्याबद्दल तक्रार नाही.*

*तरी सदर पाय, आहे त्या स्थितीत, बोटातील जोडव्यासह परत मिळावा. ते नियमात बसत नसल्यास, यापुढे आपल्या नावाने कोणी खडा, ताईत वा अंगारा पुढे केल्यास समोरच्या माणसाने तो आधी सर्व बाजूंनी, विशेषतः कुंकू लावलेल्या बाजूने, फिरवून पाहावा, आणि जखम झाल्यास ती फक्त डॉक्टरला दाखवावी, असा आदेश सर्व घरांना तातडीने काढण्यात यावा, ही नम्र विनंती. अर्जदार समक्ष उभी राहू शकत नसल्याने अर्ज बसून केला आहे, तो ग्राह्य धरावा.*